बाकावर राहिलेली धोकटी

मी धोकटी बोलतेय. हा शब्द हल्ली सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. दाढी-कटिंगचं सामान ठेवायची न्हाव्याची चामडी पिशवी म्हणजे धोकटी. माझ्या पोटात दोन वस्तरे, तीन कात्र्या, धार लावायचा पट्टा, साबणाचा ब्रश, तुरटीचा खडा आणि तळहाताएवढा आरसा. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच कबूल करते. पोटात धारदार पाती घेऊन फिरणाऱ्याला समोरच्याच्या हाताकडे आधी बघायची सवय लागते.

चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला शिवलं, त्याला तीस वर्षं झाली. माझ्या मालकांचं दुकान कधीच नव्हतं. ज्यांना दुकानापर्यंत जाता येत नाही अशांच्या घरी ते जायचे. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाचा पाय प्लॅस्टरमध्ये. आजारी माणसाची दाढी म्हणजे वेगळंच काम. गाल आत गेलेले, कातडी सैल. मालक एका हाताने कातडी ताणून धरायचे, दुसऱ्याने वस्तरा अलगद ओढायचे आणि तोंडाने इकडतिकडचं बोलत राहायचे. शेवटी आरसा दाखवला की आजारी माणूस त्यात बराच वेळ बघायचा, जुनी ओळख निघाल्यासारखा.

त्या दिवशी मालक एका मास्तरांकडे गेले होते. मी खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मला दिसलं काहीच नाही. फक्त कोणीतरी "अरे" म्हणालं, मग पाण्याचा आवाज आला आणि मालकांनी वस्तरा न पुसताच माझ्यात टाकला. असं कधी झालं नव्हतं. घाई असेल, म्हटलं.

बसस्टँडवर त्यांनी मला बाकावर ठेवलं. एक बस गेली, दुसरी गेली. शेजारी एक जण पेपर वाचत होता, पण पान काही उलटत नव्हता. मला लगेच त्याचा संशय आला. तिसरी बस आली, मालक चढले, बस गेली. मी बाकावरच. या पेपरवाल्यानेच मला आपल्या पाठीआड सरकवलं असणार, मी ठरवून टाकलं. पण तोही पेपर घडी करून निघून गेला.

मग स्टँड झाडणारी बाई आली. तिने मला उघडलं, आत बघितलं, बंद केलं, चारी बाजूंना नजर टाकली. झालं, आता ही मला पदराआड घालणार. तिने खरंच पदराआड घातलं आणि तडक पोलीस ठाण्यात नेलं.

टेबलामागच्या जमादारांनी मला न बघताच विचारलं, "कधी सापडली?"

"दोनला झाडायला घेतलं तेव्हा बाकावर होती."

"आता अडीच वाजलेत. अर्धा तास काय करत होतीस?"

"झाडत होते, साहेब."

"आतलं काय काढलंस?"

"काढायचं असतं तर इथे कशाला आणली असती?"

"तेच तर मी विचारतोय," जमादार म्हणाले.

तिला दोन तास बसवून ठेवलं. जाताना ती स्वतःशीच पुटपुटली, "पुन्हा काही दिसलं तर पायाने बाजूला सारीन."

सापडलेल्या वस्तूंची खोली एका हवालदारबाईंच्या ताब्यात होती. छत्र्या, फोन, हेल्मेटं, चाव्यांचे जुडगे, एका पायातला लहान मुलाचा बूट. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. बाईंनी दोन पंचांसमोर माझं सामान एकेक करून मांडलं आणि लिहून काढलं. दोरा तोडायला माझीच मोठी कात्री घेतली, तर तुटेना. त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली, दोरा कचकन तुटला. "डावखुऱ्याची दिसतेय," त्या म्हणाल्या.

एवढ्यात फौजदार आले. त्यांनी वस्तरा उघडला आणि पात्यावरचा सुकलेला डाग खिडकीपाशी नेऊन बघितला.

"हे रक्त आहे. परवा बाजारात एकाच्या दंडावर वार झालाय. ही पिशवी बेवारस मालात ठेवू नका. वेगळी ठेवा."

डागाचा नमुना तपासणीला गेला. सापडलेली वस्तू होते ती मी सकाळपर्यंत संशयित झाले. फळीवर एकटी. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून भुवई वर करायचा. दहा दिवस गेले. मला शोधत कोणी आलं नाही. मालकांचा हिशेब मला लागेना. तीस वर्षं खांद्याला लावलेली वस्तू हरवली तर माणूस दुसऱ्याच दिवशी धावत येईल की नाही?

अकराव्या दिवशी आवाज ऐकू आला. मालक आणि त्यांची मुलगी. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, बोलायला तुरतुरीत.

"बसमध्ये कोणीतरी बाबांची धोकटी मारली, मॅडम. हे तक्रार द्यायला तयारच नव्हते. मीच ओढून आणलं."

हवालदारबाईंनी मला आणून टेबलावर ठेवलं. "ही का, काका?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं. म्हणाले, "नाही."

"बाबा, हीच तर आहे."

"सगळ्या अशाच असतात."

पलीकडच्या टेबलावरून फौजदार उठून आले. आपली वस्तू समोर असताना जो नाही म्हणतो, त्याच्याकडे पोलीस कसे बघतात ते मी तेव्हा पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही तसंच बघत होते. न पुसलेला वस्तरा, रक्त, आणि आता हे. माझ्या मालकांनी कोणाला काय केलं? जगात सगळ्यांवर संशय घेतला होता, पण ज्या खांद्यावर लटकले त्याच्यावर कधी घेतला नव्हता. तो आज घेतला.

"बरं," हवालदारबाई शांतपणे म्हणाल्या. "मग तुमची कशी होती, ते लिहून द्या."

मालकांनी पेन डाव्या हातात घेतलं. पहिलंच अक्षर वाकडं गेलं, दुसरं ओळ सोडून खाली घसरलं. त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं. तरी पेनाचं टोक कागदावर टिकटिक वाजत राहिलं. मुलगी बघतच राहिली.

"काका," बाई म्हणाल्या, "हात कधीपासून असा?"

मालकांनी मनगट सोडलं. मग कागदाकडे बघत म्हणाले, "दोन महिने. सकाळी बरा असायचा, म्हणून भागून जायचं. त्या दिवशी मास्तरांच्या कानाला लागलं. थोडंसंच, पण रक्त थांबेना. मास्तर म्हणाले, 'असू दे.' तीस वर्षांत कोणावर 'असू दे' म्हणायची पाळी आणली नव्हती मी."

"आणि धोकटी?"

"बाकावर ठेवली. दोन बस सोडल्या, तिसरी धरली." ते थांबले. "चोरीला गेली म्हटलं की लोक धोकटीबद्दल विचारतात. हाताबद्दल कोणी विचारत नाही."

मुलीने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

फौजदारांचं समाधान झालं नव्हतं. "कोणत्या कानाला लागलं?"

"डाव्या."

त्यांनी मास्तरांच्या घरचा नंबर घेतला आणि स्वतः फोन लावला. मास्तरांच्या सुनेचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हो, लागलं होतं. डाव्या कानाला. दुसऱ्या दिवशी खपलीही धरली. पण काका आहेत कुठे? सासरे दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. दाढी ही एवढी वाढलीय."

फौजदारांनी फोन ठेवला. "तरी तो वस्तरा आम्ही ठेवून घेतो," ते म्हणाले. "अहवाल येईपर्यंत."

मालकांनी वाकडीतिकडी सही केली आणि मी सुटले. वाटेत मुलीने त्यांना स्टँडवर नेलं, झाडणाऱ्या बाईंचे आभार मानायला. बाईंनी मालकांच्या खांद्यावर मला बघितलं, झाडू थांबवला आणि विचारलं, "ही तुमचीच कशावरून?" मालक त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

आता मी घरी असते. वस्तरा अजून ठाण्यातच आहे, अहवाल काही आलेला नाही. माझी संशयी नजर गेलेली नाही, पण एक विनंती करते. तुमच्या घरात कोणी आपलं रोजचं काम टाळायला लागलं, वस्तू हरवल्याचं सांगायला लागलं, तर त्याच्या हाताकडेही एकदा बघा. रागाने नको, नुसतं बघा.

मास्तर वाट बघतायत, आणि त्यांची दाढी आपणच करायची असं मुलीने मनावर घेतलंय. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारी तिची बोटं हलत नाहीत. पण आधी सराव हवा, आणि सरावाला एकच गाल हाताशी आहे. आज सकाळी तिने बाबांना खिडकीपाशी बसवलं, मला उघडून स्टुलावर ठेवलं, फेस लावला आणि उरलेला वस्तरा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मालक वस्तऱ्याच्या या बाजूला बसले होते. मान ताठ, नजर तिच्या मनगटावर.

"डोळे मिटा, बाबा."

"कातडी ताणून धर."

"धरलीय. डोळे मिटा."

मालकांनी एक मिटला.