खंडेनवमीचं श्रीखंड

कोथरूडच्या शरच्चंद्ररावांना श्रीखंडातलं सगळं कळतं, असं त्यांचे नातेवाईक म्हणतात. त्यांच्या पाठीने संप केल्यापासून श्रीखंडाचा कारखाना मुलगी भाग्यश्री चालवते, हे मात्र कोणी म्हणत नाही. खंडेनवमीला यंत्रांपुढे पूजेला बसला कोण? खराडीहून आलेला मुलगा, राजस. पूजा करील त्याच्या नावावर कारखाना, असं बाबांनी पाहुण्यांदेखत जाहीरच केलं. भाग्यश्री तेव्हा टाकीत चक्का ओतत होती.

टाकीतलं श्रीखंड डब्यांत भरणारा पंप स्क्रूचा. आत दोन मळसूत्री दांडे एकमेकांत अडकून फिरतात. आट्यांमधल्या खाचांत श्रीखंड सापडतं आणि मुकाट पुढे सरकतं. पुढे जेवढी अडवणूक, तेवढा दाब. वाट बंद केली तरी हा ढकलतच राहतो. म्हणून बाजूला सुटकेचा व्हॉल्व्ह असतो. दाब फार झाला की तो उघडतो आणि माल परत टाकीत येतो.

आरती झाली. राजसने बटण दाबलं. डबे भसाभस भरायला लागले, तसा त्याने पुढचा व्हॉल्व्ह आवळला.

"अरे, घरचा नळ नाहीये तो! हळू हवं तर मोटर हळू कर."

"ताई, सगळ्यांसमोर शिकवू नकोस ना."

श्रीखंड टाकीत परत पडायला लागलं. साहेबांना वाटलं, गळतंय. घेतला पाना, आवळला सुटकेचा व्हॉल्व्हही.

"राजस, तो नको!"

"भागू, आज तरी गप्प बस," बाबा म्हणाले.

पाइप निसटला. बाबा कपाळापासून सोवळ्यापर्यंत केशरी झाले आणि मंदाकिनीआत्याची पैठणी कामातून गेली. भाग्यश्रीने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"पंपच अपशकुनी," बाबा मिशा पुसत म्हणाले. "विकून टाकू."

"आणि कारखाना?"

"तो राजसचाच. चूक काय, कोणाच्याही हातून होते."

कोणाच्याही! गेल्या वर्षी भाग्यश्रीची एक खेप आंबट झाली, तर हाच माणूस महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. फुकटच्या डब्यांची वाट बघणारी माणसं दुसरं काय करणार?

भाग्यश्रीने हात धुतले, टोपी खुंटीला अडकवली.

"ताई, कुठे? उद्या दसरा, सकाळीच दुकानदार येतील. पाइप कसा जोडायचा?"

"मालकांना विचार."

"अगं, मालक मीच ना आता?"

"मग स्वतःला विचार," म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.