पाठमोरी कार्डे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या पोटात साठ खण आहेत. प्रत्येक खणात दोनशे कार्डे. त्यांवरचे अक्षरन् अक्षर तुम्हाला पाठ आहे, पण बोलायला तोंड मात्र नाही. जमले? मग तुम्ही आता मी झालात. मी एक जुने लाकडी कपाट आहे.

मला घडवणाऱ्या सुताराने माझा प्रत्येक खण करंगळीने ओढून पाहिला होता. मग मी बियाण्यांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत आलो, नव्हे, चौघांनी मला खांद्यावरून आणले. प्रत्येक बीजाच्या आत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. तो वाचायचा, जुळवायचा, त्याचा अर्थ लावायचा, हे इथले काम. हल्ली ते संगणकावर चालते आणि त्याला जैवमाहितीशास्त्र असे भारदस्त नाव आहे. पण एखादे बी कुठल्या शेतातून, कोणत्या साली आले, हे ते बी सांगत नाही. ते माझ्या पोटातल्या कार्डांवर लिहिलेले असते.

ती कार्डे लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळे कार्डकाका म्हणत. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव मिरचीसारखा! एखाद्या बियाण्याच्या पाकिटांची अदलाबदल झाली असावी अशी शंका आली, की काका त्याचे कार्ड खणात पाठमोरे उभे करत. शंका फिटली, की पुन्हा सरळ.

"काका, ही खूण कुठं लिहून ठेवलीय का?" एका विद्यार्थिनीने एकदा विचारले होते.

"लिहायची कशाला? मी आहे की!"

पुढे ती मुलगी शिकून निघून गेली. काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला, बस्स. नंतर एक टंकलेखिका आली. तिने एकेक कार्ड काढून त्याचा मजकूर संगणकात उतरवला आणि जसे होते तसेच परत ठेवले. फारच नेकीने काम केले तिने. पण कार्ड कुठे तोंड करून उभे होते, याला संगणकात रकानाच नव्हता.

त्यानंतर अकरा वर्षे मला कुणी उघडले नाही. माझ्या डोक्यावर एक वाळलेली कुंडी, एक मोडका कळफलक आणि कुणाची तरी विसरलेली छत्री एवढेच सोबतीला. माणसे येत, बोलत, माझ्याकडे पाठ करून चहा पीत.

गेल्या महिन्यात नव्या संचालिका आल्या. त्यांनी सगळ्यांना याच खोलीत जमवले.

"आपली माहिती कुलपात राहणार नाही," मॅडम म्हणाल्या. "येत्या सोमवारी आपल्या बारा हजार नोंदी साऱ्या जगाला खुल्या होतील. कुठल्याही शेतकऱ्याला त्या वाचता आल्या पाहिजेत, आणि डोळे मिटून विश्वास ठेवता आला पाहिजे. आणि हो, हे धूड सोमवारी भंगारात काढा."

टाळ्या पडल्या. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या, कारण बाईंचे म्हणणे खरे होते. पण माझ्या पोटात तीनशे एक्केचाळीस कार्डे पाठमोरी होती. त्या नोंदींवर विसंबून कुणी भलतेच बी पेरले तर? आणि हे मी सांगणार कुणाला?

मॅडमची मुलगी शाळा सुटल्यावर इथेच येऊन बसे. गाव नवे, मैत्रीण एकही नाही. माझ्या पायाशी स्टुलावर बसून ती एकटीच डबा खाई. शुक्रवारी तिने माझा एक खण ओढला.

"आई, ही कार्डं रुसलीयत! भिंतीकडे तोंड करून उभी आहेत."

मॅडम फाइल शोधत होत्या. "मग सरळ करून ठेव, शहाणी माझी ती!" असे म्हणून त्या बैठकीला गेल्यासुद्धा.

तिने एक कार्ड सरळ केले. काकांची शंका कायमची पुसली जात होती, आणि मला साधे करकरताही येईना. तिने दुसऱ्या कार्डाला हात घातला.

"अगं अगं, हात नको लावू!" फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या. "कार्डकाका बघतील तर!"

"ते कुठे असतात?"

"घरी. गुडघे धरून बसलेत बिचारे. पण मला अजून धाक वाटतो. एक कार्ड जरा तिरकं दिसलं, की आमची सगळ्यांची बिनपाण्याने करायचे!"

मुलगी थबकली. "मावशी, मग एवढी उलटी कार्डं त्यांना दिसली नाहीत?"

मावशींचे फडके जागीच थांबले. "खरंच की गं!"

मित्रांनो, मला जपून ठेवा, असा माझा हट्ट नाही. लाकूड कधीतरी झिजणारच. पण जुने काही सरळ करायला जाल, तेव्हा ते वाकडे कुणी ठेवले आणि का, एवढे विचारा. विचारायला माणूस आहे, तोवर विचारा.

त्या मुलीने काय केले सांगू? सरळ केलेले ते एक कार्ड तिने हळूच पुन्हा पाठमोरे केले. मग अख्खा खण बाहेर ओढून छातीशी धरला, आणि टकटकसुद्धा न करता बैठकीचे दार पायाने ढकलून ती आत गेली.