गुंडप्पाचं दार

‘डाव’ नावाचं मासिक आम्ही काढत होतो, असं म्हटलं की ते मला स्वतःलाच खोटं वाटतं. आम्ही म्हणजे माझी भाची वसुमती आणि तिचा कंपू. ती पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायची, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचा गोष्टींचा खेळ चालायचा. एक जण गोष्ट सांगणारा, त्याला मास्तर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं. ‘समोर नदी आहे, काय करता?’ असं मास्तरनं विचारायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या वतीनं उत्तर द्यायचं. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवायचे. या खेळाचं ते मासिक. झेरॉक्सची पानं आणि मधे दोन पिना. मी निवृत्त ग्रंथपाल, म्हणून मला शुद्धलेखन तपासायला घेतलेलं.

पुढे वसुमतीनं फारच गळ घातली, तेव्हा १९९३ च्या एका अंकात मीही एक गोष्ट खेळासाठी लिहून दिली. ‘तळ्याखालचं गाव’. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी फिरताना ती सुचली होती. खेळाचे ते अनेक बाजूंचे फासे आपल्याकडे मिळायचे नाहीत, म्हणून मी घरच्या चौकाबाऱ्याच्या पटावरच्या कवड्या घेतल्या. सहा टाकायच्या, चार उताण्या पडल्या की काम झालं. शेवटी ‘उत्तरार्ध पुढील अंकी’ असं लिहिलं. पुढचा अंक निघालाच नाही. वसुमतीचं लग्न झालं, कंपू पांगला. ती गोष्ट कुणी वाचली असेल असं मला कधी वाटलं नाही.

पाच वर्षांनी एका शनिवारी वसुमती आली ती हसतच.

“मामा, तुमचे वाचक सापडले.”

“माझे? चुकून असेल.”

“चुकून कसं? आमच्या ऑफिसात हर्षिता म्हणून नवी मुलगी आलीय, निपाणीची. तिच्या टेबलावर ‘डाव’चा अंक! कॉलेजपासून खेळतायत म्हणे तुमची गोष्ट. उद्या तुम्हाला बोलावलंय.”

“लेखक वारला म्हणून सांग.”

“मामा!”

“बरं, तीर्थयात्रेला गेला म्हण.”

“तुम्ही जिवंत आहात म्हणून मी सांगितलंय. त्यांच्यातला दयानंद बुधवारी अमेरिकेला चाललाय. त्याच्याआधी त्यांना तो डाव पुरा करायचाय. उत्तरार्ध घेऊन तयार राहा, मी स्कूटरवर न्यायला येते.”

उत्तरार्ध नव्हताच. तो मला तेव्हाही सुचला नव्हता. त्या संध्याकाळी बसून चार ओळी लिहिल्या आणि पाच खोडल्या. त्या मुलांनी इतकी वर्षं वाट पाहिली, आणि येणार कोण, तर मी. निदान हात रिकामे दिसू नयेत म्हणून निघताना कवड्यांची थैली खिशात टाकली.

एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा रस्ते आखलेले होते आणि घरं तुरळक होती. हर्षिताच्या खोलीत सतरंजीवर ती आणि दयानंद बसले होते, मधे चकल्यांची ताटली. दयानंद उंच, काटकुळा. मला पाहून तो एकदम उभा राहिला आणि पंख्याला डोकं लागता लागता वाचला.

“स्वल्प सरकता का?” असं मी म्हटलं आणि कोपऱ्यात बसलो.

“अण्णा, कोपऱ्यात कुठं? मास्तरनं मधे बसायचं,” हर्षिता म्हणाली, आणि तिनं अंक माझ्यापुढे ठेवला. झेरॉक्सचं झेरॉक्स होतं ते. पानांच्या कडांना तेलाचे डाग, गोष्टीबरोबर दिलेला माझा नकाशा अर्धा पुसलेला. पण एका ओळीखाली इतक्यांदा रेघा ओढल्या होत्या की कागद फाटायला आला होता. ‘दारात राखणदार. अंग दगडाचं. चार उताण्या पडल्या की हरतो. तो दार सोडत नाही.’

“हा आमचा गुंडप्पा,” दयानंद म्हणाला.

“कोण?”

“राखणदार की हो! तुम्ही नाव दिलं नव्हतं, आम्ही ठेवलं. हॉस्टेलच्या वॉचमनचं.”

“पण तो... त्याला हरवून पुढे जायचं असतं. दोन मिनिटांचं काम.”

“दोन मिनिटांचं?” हर्षिता ओरडली. “अण्णा, पहिल्या सुट्टीत आम्ही त्याच्याशी आठ दिवस लढलो! चार उताण्या कधी पडल्याच नाहीत. ह्याची तलवार मोडली, माझा घोडा पळाला.”

“शेवटी कंटाळून त्याच्यासमोरच भाकरीचं गाठोडं सोडून बसलो,” दयानंद म्हणाला. “म्हटलं, तूही खा. तिथनं दोस्ती झाली. आता दर सुट्टीत तळ्याखाली जातो ते त्याला भेटायलाच.”

मी त्यांच्या कवड्या हातात घेतल्या. बाजारातून आणलेल्या, पाठ छान फुगीर. अशी कवडी टाकली की पोटावर, पालथीच बसते. मग मी माझी थैली उघडली. आमच्या घरात नव्या कवड्या आल्या की त्यांची पाठ आधी सहाणेवर घासून सपाट करतात, मगच खेळायला घेतात. अशा कवड्या पटापट उताण्या पडतात. सगळीकडे तसंच करत असतील असं मी धरून चाललो होतो. मासिकात त्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

मी हे सांगितलं. हर्षिता हसून लोळायलाच लागली. “म्हणजे सहाण असती तर गुंडप्पा पहिल्याच दिवशी मेला असता!”

“बरं झालं नव्हती,” दयानंद म्हणाला. तो हसत नव्हता. “अण्णा, उत्तरार्धात तो बाहेर येतो ना? त्याला तसाच तिथं ठेवून मला जायचं नाही.”

वसुमती माझ्याकडे पाहत होती. माझे कान गरम झाले.

“उत्तरार्ध नाही,” मी म्हटलं. “लिहिलाच नाही. मला जमलं नाही.”

दयानंदचा चेहरा पडला. हर्षितानं मात्र ताटली माझ्यापुढे सरकवली. “मग आत्ता सांगा की. चकली खा आणि सांगा. तो दार का सोडत नाही?”

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. चकली मोडली, आणि तोंडातून निघून गेलं, “दाराचा अडसर त्यानं खांद्यावर धरलाय. सोडला तर तळं आत येईल, गाव बुडेल.”

“अडसर दुसऱ्या कुणी धरला तर?”

“तर... तो सुटेल.”

“मग मी धरतो,” दयानंद लगेच म्हणाला.

“तू?” हर्षिता म्हणाली. “तू चाललास अमेरिकेला!”

“म्हणूनच की गं. तू गुंडप्पाला घेऊन वर जा. माझा गडी तळ्याखाली राहील. म्हणजे मी गेलो तरी इथंच असेन.”

हर्षितानं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, “फार शहाणा आहेस.”

“सरी, ठीक आहे,” वसुमती म्हणाली. “मामा, अडसर पेलायचा म्हणजे टाकावं लागेल. कुठल्या कवड्या?”

मी माझ्या कवड्या दयानंदच्या ओंजळीत ओतल्या. त्यानं त्या कपाळाला लावल्या आणि टाकल्या. तीन उताण्या. दोन पालथ्या. सहावी घरंगळत गेली आणि ताटलीच्या कडेला टेकून तिरकी उभी राहिली.

“ही कुठली?” हर्षिता हळूच म्हणाली.

तिघं अंकावर वाकले. तिरक्या कवडीचं मी काहीही लिहिलेलं नव्हतं.

“मास्तर ठरवतो,” वसुमती म्हणाली.

उभ्या आयुष्यात भाजी कुठली आणायची हेही मी दुसऱ्याला विचारलं आहे. मी चष्मा पुसला. एका अंगानं पाहिलं तर ती पालथी होती, दुसऱ्या अंगानं उताणी. मी दुसऱ्या अंगाला सरकलो.

“उताणी,” मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

पुढे मग मी बोलतच राहिलो. दयानंदच्या गड्यानं अडसर खांद्यावर घेतला. गुंडप्पानं खांदा चोळला, ओलेता वर आला, काठावर बसला आणि पहिल्यांदाच ऊन पाहून त्याला एक मोठी शिंक आली. ती शिंक मी प्रत्यक्ष देऊन दाखवली, हे वसुमती अजून सगळ्यांना सांगते.

निघताना दयानंद पाया पडला, तेव्हा ती तिरकी कवडी मी त्याच्या हातात ठेवली. “तुझ्या गड्याला,” म्हटलं.

आता घरी पाचच कवड्या उरल्या आहेत. हर्षिता सहावी घेऊन आली आहे, बाजारातली, फुगीर. मी सहाण काढून ठेवली होती. पण विचार केला, राहू दे एक तशीच.