उघडी फट

“कधी लागलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“आत्ताच, सकाळी,” सुतार म्हणाला.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली. पटाशी निसटून अंगठ्याच्या मुळाशी रुतली ती काल दुपारी. रक्त थांबेना, तेव्हा चौकटीतली फट बुजवावी तशी त्याने ती जखम सरस आणि लाकडाचा भुसा कालवून बुजवली होती. आज हात ठणकू लागल्यावर दवाखान्याबाहेरच्या नळाखाली त्याने तो लेप खरवडून काढला आणि तिला बजावले, “आत गेल्यावर तोंड उघडायचं नाही.”

“वर काही लावलंत का?”

“छे. स्वच्छ धुतलीय.”

“साखर आहे?”

“नाही बाई. चहातसुद्धा अर्धाच चमचा घेतो.”

नर्स खुदकन हसली. “चला, टाके घालून मोकळे करते तुम्हाला,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवतीची जागा बधिर केली.

बायको हसली नाही. साखर होती, कित्येक वर्षांची. गोळ्या मात्र मनाला येईल तेव्हा. शेजारच्या गवंड्याचा पाय साखरेपायी गेला, तेव्हापासून त्या शब्दाला घरात थारा नव्हता. साखर कबूल केली की दवाखान्यात करवत निघते, अशी त्याची पक्की समजूत होती; आणि करवत काय करते, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

नवऱ्याला चारचौघांत खोटे पाडणे तिने जन्मात केले नव्हते. गिऱ्हाइकापुढे त्याने एखाद्या फळीला सागवान म्हटले, की तीही सागवानच म्हणे. पण आता वाकडी सुई त्याच्या कातडीला टेकली होती.

“थांबा बाई.” तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “कालची जखम आहे. भुसा भरला होता ह्यांनी त्यात. आणि साखर आहे.”

सुताराने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता.

“अगं, कापतील ना हात,” तो हळूच म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. “आज शिवला असता, तर कदाचित तीच वेळ आली असती. घाण आत कोंडली असती, आणि साखरेच्या माणसात ती झपाट्याने पसरते. ही जखम धुऊन उघडीच ठेवायची. रोज पट्टी बदलायला यायचं.”

“फट उघडी ठेवायची?”

“उघडीच.”

बराच वेळ धुतल्यावर जखमेच्या तळातून चिमट्याला तांदळाएवढी ढलपी लागली. सुताराने डोळे बारीक केले.

“सागवान नाही,” तो पुटपुटला.

जखम तळापासून सावकाश भरत आली. अंगठा राहिला, पण वळेनासा झाला. या सगळ्या काळात तो बायकोशी कामापुरतेच बोलला.

एका सकाळी त्याने फळी बाकावर चढवली आणि रंधा उचलला. मुठीवर त्याच्या अंगठ्याने वर्षानुवर्षे झिजवून पाडलेला खळगा होता. ताठ अंगठा त्यात बसेना.

“अगं, इकडे ये जरा.”

तिने हात पुसून रंधा धरला. खळगा तिच्या अंगठ्याला मोठा होत होता. त्याने आपला तळवा तिच्या हातावर ठेवला.

“दाबू नकोस. नुसतं धरायचं.”

पहिले सालपट वळत वर आले आणि मध्येच तुटले. त्याने फळी पुन्हा सरळ केली.