तेवढं नाकच

पडद्यावरचा बाण नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता... माउस हातात होता, हात स्वतःचाच होता, तरी बोट दाबायला धजत नव्हतं. फोटोच्या दुकानात उभी हयात गेली, लोकांचे मुरूम, डाग, दुहेरी हनुवट्या पुसताना त्याने कधी मागचापुढचा विचार केला नव्हता — पण हे नाक लेकीचं होतं, म्हणजे त्याचंच.

"बाबा, बाकी काही नको. तेवढं नाकच कर," शेजारच्या स्टुलावरून ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, कसं हवंय त्याचा फोटो घेऊन या."

नोकरी तिची, पैसे तिचे, वयानेही सज्ञान... ऑपरेशनला परवानगी तिने मागितलीच नव्हती. मागितली असती तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं!

ती जन्मली तेव्हा तिची आत्या म्हणाली होती, पितृमुखी कन्या सुखी — आणि ज्याला उभ्या जन्मात कुणी देखणा म्हटलं नव्हतं असा हा माणूस दिवसभर दुकानाच्या आरशात डोकावत राहिला होता.

तिच्या अंगठ्याखालून फोनवर चेहरे सरकत होते. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

"अगं, खोटं असतं हे सगळं. मीच करतो ना दिवसभर!"

"माहितीये रे बाबा. म्हणून तर खरं करून घ्यायचंय."

त्याच्या मनात आलं, मुद्दाम बिघडवावं — असं चेपावं की बघून तिचीच तिला धास्ती वाटेल. त्याने बटण दाबलं... पण इतक्या वर्षांची सवय, हात वाकडं करायला तयारच होईना. शेंडा उचलला गेला, नाकपुड्या आवळल्या, सावली हलकी झाली. वाईट काही जमलंच नाही.

"बाबा!" ती पडद्यावर ओणवी झाली. कित्येक दिवसांनी अशी मोकळी हसली. "बघ ना, किती छान दिसतेय मी!"

दिसत होती. खोटं का बोला... त्याला गलबलून आलं, आणि आधार शोधावा तसा तो पडद्याकडून तिच्याकडे वळला — त्या नाकाकडे, जे त्याने सर्दीपडशात पुसलं होतं, झोपेत न्याहाळलं होतं, ज्यात त्याला कधी खोट म्हणून दिसली नव्हती.

आज ते मोठं दिसलं. शेंड्याशी जाड, मध्ये उंचवटा. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं... मोठंच होतं.