मासेकाकांचा अंदाज

“काल चौथा गेला, काका,” दार उघडता उघडताच ताई म्हणाल्या.

मासेकाकांनी बादली खाली ठेवली आणि चौकटीला धरून श्वास घेतला. तीन जिने चढून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं की मेलेल्याची बातमी द्यावी? पण बोलण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं लोकांच्या घरच्या काचेच्या टाक्या धुतल्यावर त्यांना एक पक्कं कळलं होतं. मासा जगला तर घरच्यांच्या मायेनं जगतो, आणि मेला तर टाकीवाल्यामुळे मरतो.

ताई घरीच शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला त्यांचं मशीन, दुसऱ्या भिंतीला त्यांच्या नवऱ्याची, भाऊंची खाट, आणि खाटेसमोर, पडल्या पडल्या दिसेल अशा उंचीवर टाकी. दीड वर्षापूर्वी भाऊंचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचा सगळा दिवस मासे बघण्यात जायचा. टाकीतला दिवा लावल्याशिवाय ते घास घ्यायला तोंडसुद्धा उघडत नसत. मासे होते आठ. तीन आठवड्यांत चार गेले, आणि उरलेले चार वर येऊन नुसते धापा टाकत होते.

“हे मोजतात हो,” ताई हळूच म्हणाल्या. “बोलता येत नसलं तरी मोजतात. काल दिवसभर जेवले नाहीत. हे चार गेले तर मी काय करू, सांगा.”

काका टाकीशी वाकले. हल्ली त्यांना सगळ्याचाच वीट आला होता. जिन्यांचा, बादलीचा, आणि बाजारात मिळणाऱ्या बल्बांचा तर फारच. हल्लीचे बल्ब म्हणजे नावाला उजेड, असं ते रोज बायकोला ऐकवत. बायको म्हणे, “बल्ब परवाच बदललाय. आता डोळे तेवढे दाखवून या.” मग ते रागानं पेपर वाचत बसत, म्हणजे पेपर हातात धरून बसत.

त्यांनी काचेची नळी काढली, टाकीतलं पाणी भरलं, बाटलीतल्या औषधाचे तीन थेंब टाकले आणि नळी खिडकीशी धरून हलवली. हिशोब सोपा असतो. पाणी आंबट झालं की नळी पिवळी, ठीक असलं की हिरवी, सोड्याकडे झुकलं की निळी. रंग जुळवायला बाटलीबरोबर एक कार्ड मिळतं, ते काकांनी केव्हाच फेकून दिलं होतं. कार्ड नवशिक्यांनी बघावं. काकांचा पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, अंदाजानं सांगितलेला, आणि तो कधी चुकत नसे.

“अजून आंबटच आहे,” ते म्हणाले. “आणखी एक चमचा सोडा घालू.”

मशीन थांबलं. ताई उठून खिडकीशी आल्या.

“आंबट म्हणजे पिवळं ना? मागे तुम्हीच सांगितलं होतं.”

“पिवळंच आहे. हिरवट पिवळं म्हणा हवं तर.”

“काका, हे निळं आहे.”

“ताई, तुम्ही कपडे शिवा. पाण्याचं मला कळतं.”

ताईंचा आवाज चढला नाही. “पाण्याचं तुम्हाला कळतं, कबूल. पण मी वीस वर्षं कापडाला दोरा जुळवतेय. एका छटेचा फरक पडला तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं.” त्यांनी डब्यातली दोन रिळं काढून काकांच्या हातावर ठेवली. “यातलं निळं कुठलं?”

काकांनी रिळं उजेडात धरली. चष्मा पुसला. पुन्हा धरली. दोन्ही सारखीच मळकट दिसत होती. शेवटी त्यांनी एक पुढे केलं.

“ते हिरवं आहे, काका.”

काकांनी रिळं खिडकीत ठेवली आणि मनात हिशोब मांडला. तीन आठवड्यांपूर्वी पाणी ठणठणीत असणार. त्यांना ते पिवळं दिसलं आणि त्यांनी सोडा घातला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिवळं, पुन्हा सोडा. दर खेपेला चमचा वाढत गेला.

“निळं झालं की काय होतं?” ताईंनी विचारलं. त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. नळाचंच पाणी खराब येतंय, एवढं म्हणून सुटता आलं असतं. वाक्य काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खाटेवरून भाऊ त्यांच्याकडेच बघत होते.

काका खाटेजवळच्या स्टुलावर बसले. भयंकर लाज वाटत होती त्यांना, आणि त्याहून जास्त भीती.

“भाऊ, तुमचे मासे मी मारले,” ते म्हणाले. “पाणी चांगलं होतं. मलाच दिसत नाही नीट.”

भाऊंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर टाकीकडे वळवली.

ताईंनी रिळं उचलून डब्यात टाकली. त्या म्हणाल्या, “मग सगळं पाणी बदलून टाकू या.”

“सगळं नको. एकदम बदललं तर उरलेले त्या धक्क्यानंच जातील. आज पाव टाकी, उद्या पाव. नळी आणि बाटली तुमच्याकडेच ठेवा आणि रंग तुम्हीच बघा. हिरवा आला की थांबायचं.”

पाव टाकी उपसून काकांनी बादली बादली पाणी हळूहळू ओतलं. प्रत्येक बादलीनंतर ताई नळी बघत आणि रंग सांगत, आणि काका मुकाट्यानं मान हलवत. निघताना ताई एवढंच म्हणाल्या, “मोतीबिंदू असेल. काढता येतो तो.”

“दाखवतो,” काका म्हणाले.

जिन्यात पहिल्याच पायरीवर ते बसले. याच महिन्यात आणखी सहा ठिकाणी त्यांनी सोडा घातला होता. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि दातांच्या दवाखान्यातल्या बाईंना लावला.

“बाई, टाकीत कोणी गेलं का?”

“तीन गेले, काका. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. थंडीच केवढी पडली होती.”

“थंडी नव्हती, बाई,” काका म्हणाले. “मी होतो.”

पाण्यात काही घालू नका, दुसरा माणूस बोलवा, असं त्यांनी सांगितलं, फोन ठेवला आणि पुढच्या घरी लावला.