सहीनिशी

रक्त-लघवीचे नमुने तपासण्यात जिची अठरा वर्षं गेली, ती लॅबप्रमुख बाई ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. 'छातीत कळ आली आणि जवळ कुणी नसेल, तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल. दहा जणांना पाठवा,' असा मेल आला, तेव्हा तिने तो आपल्याच हॉस्पिटलमधल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांना पाठवला. वर एकच ओळ लिहिली, 'यात काही तथ्य आहे का?' खाली नेहमीप्रमाणे तिची सही आपोआप उमटली. नाव, हुद्दा, हॉस्पिटल, फोन.

संध्याकाळी उत्तर आलं, 'शुद्ध थाप. आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची.'

तोवर डॉक्टरांचे मेल बघणाऱ्या बाईंनी तो काळजीपोटी आपल्या बहिणीला धाडलाही होता. तिथून पुढे जाता जाता प्रश्नाची ओळ गळली. सही तेवढी राहिली.

आठवड्याभरात लॅबचा फोन खणखणू लागला.

"मॅडम, खोकायचं किती वेळ?"

"खोकायचं नाही हो! ते खोटं आहे."

"पण तुम्हीच तर लिहिलंय."

"मी लिहिलं नाही, मी विचारलं होतं."

"अस्सं," म्हणून माणूस फोन ठेवायचा, आणि त्याला काही पटलेलं नाही हे तिला कळायचं. तिने सविस्तर खुलासा लिहिला, ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवला. पण खुलासा कोण पुढे पाठवतो? थापेने तोवर चार गावं पालथी घातली होती.

दीड महिन्याने चुलतभावाचा फोन आला. एकट्या राहणाऱ्या काकांना झटका आला होता. ती मिळेल त्या गाडीने गेली. काका वाचले होते, पण अर्धं हृदय निकामी झालं होतं.

"फोन हाताशी नव्हता का, काका?"

"होता की. पण खाली तुझं नाव होतं ना. म्हटलं, पोरीने सांगितलंय ते नीट करू. पाऊण तास खोकलो बघ." शाळेतला धडा म्हणून दाखवावा तसं ते सांगत होते. मग हळूच म्हणाले, "माझंच काही चुकलं का गं?"

"मी नंतर खुलासा पाठवला होता तुम्हाला."

"ते लांबलचक? वाचू म्हटलं सावकाश."

तिने त्यांचा हात नुसता धरून ठेवला. काकांनी तो मेल सकाळी फिरायला येणाऱ्या चाळीस मित्रांना पाठवला होता, तोही 'आमच्या पुतणीकडून' असं लिहून. तिने त्यांच्याच फोनवरून सगळ्यांना कळवलं: तो मेल खोटा आहे, खोकण्यात वेळ घालवू नका, त्यापायीच मी हॉस्पिटलात पडलोय.

थोड्या वेळाने एकच उत्तर आलं.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं, "तुमचा मेल कुणीतरी हॅक केलेला दिसतो. भलतंसलतं पसरवतायत. आधी पासवर्ड बदला."